जियारत, सहल आणि नियत

मीरा रोडच्या नयानगरातील एखादे कुटुंब शनिवार-रविवारची सुट्टी साधून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाते, मुलांना बीबी का मकबरा आणि पाणचक्की दाखवते आणि परतीपूर्वी खुलताबादच्या दर्ग्यांत फातिहा, म्हणजे कुराणाच्या आरंभीची प्रार्थना, पढते, तेव्हा त्या प्रवासाला सहल म्हणावे की जियारत, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. जियारत या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘भेट’ एवढाच असला, तरी रूढीने तो पुण्यपुरुषांच्या कबरींच्या दर्शनासाठी वापरला जातो.

मक्का, मदिना आणि जेरुसलेम येथील तीन मशिदींखेरीज अन्यत्र यात्रेस निघू नये, अशा आशयाच्या हदीसचा, म्हणजे परंपरेने जतन केलेल्या पैगंबरवचनाचा, आधार घेऊन धर्मशास्त्री इब्न तैमिया यांनी केवळ कबरींसाठी केलेला प्रवास अग्राह्य ठरवला. या मतापायी त्यांना कैद झाली आणि १३२८ मध्ये दमास्कसच्या किल्ल्यातच त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास, मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवल्यानंतर, निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनेत आले; त्यांचा दर्गा खुलताबादेतच आहे. त्यांच्या चिश्ती सूफी परंपरेत संताच्या पुण्यतिथीस ‘उरूस’, म्हणजे विवाह, म्हणतात, कारण मृत्यू हे ईश्वराशी झालेले मीलन मानले जाते; आळंदीच्या समाधीपुढे उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला ही कल्पना फारशी परकी वाटू नये.

मात्र या वादात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. कबरीजवळ जाऊन मृतासाठी प्रार्थना करणे इब्न तैमियांनाही मान्यच होते. मृताकडे मागणे त्यांना मान्य नव्हते. म्हणजे मुलांना शहर दाखवायला निघालेले आणि वाटेत दर्ग्यात थांबणारे कुटुंब त्यांच्या कठोर कसोटीलाही उतरते, आणि सहलीच्या आनंदाने जियारत उणी होते, ही समजूत निराधार ठरते. कर्माचे मोल नियतीवर, म्हणजे हेतूवर, ठरते, असे इस्लाम सांगतो. येथे ‘नियत’ हा अरबी शब्द आहे, दैव या अर्थाची मराठीतील नियती नव्हे.

खुलताबादेतच सूफी संत जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात १७०७ मध्ये औरंगजेबास दफन केले. कबरीवर छत नाही, मध्ये उघडी माती आहे आणि तीत सब्जाचे रोप वाढते. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची आहे. त्या मातीसमोर पढला जाणारा फातिहा खाली पुरलेल्या माणसाला क्षमा मिळावी म्हणून असतो.