उसनें उत्तर

सहाध्यायांच्या संगतीनें सोडविलेलें समीकरण आपलें म्हणावें काय? ३क्ष + ५ = २० यांत ‘क्ष = ५’ एवढेंच सोबत्याकडून घेतलें, तर ताळा जुळेल; पण उत्तर उसनेंच राहील. उलट, दोन्ही बाजूंतून ५ कां वजा करावयाचे, मग ३ नीं कां भागावयाचें, हें त्यानें पटवून दिलें, तर ती पायरी दोघांचीहि होते. देणाराचें कांहीं उणें होत नाहीं. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हणून समीकरणें सोडविलीं. ती रीत समजून घेणाऱ्या प्रत्येकाची झाली. आमच्या मतें कसोटी एकच: सोबत्याची पायरी चुकली, तर त्यास तेथेंच थांबविण्याचें सामर्थ्य आपणांत आहे काय? तें नसेल, तर बरोबर उत्तरहि परकेंच.