आधी कुठे राहत होता?

तुर्कस्तानातल्या कप्पाडोकिया भागात कराइन नावाचं खेडं आहे. तिथल्या मऊ दगडात एरिओनाइट नावाचं खनिज सापडतं आणि त्याचे बारीक तंतू ॲस्बेस्टॉसहून घातक निघाले. लोकांनी त्याच दगडाची घरं बांधली, झाडलोट केली, पोरं त्याच धुळीत वाढली. एरवी अगदी विरळा असणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, या गावात घरोघरी दिसू लागला. १९७०च्या दशकात इझ्झेत्तिन बारिश या तुर्की डॉक्टरांनी तो जगापुढे मांडला. तोवर गावातली काही कुटुंबं पोटापाण्यासाठी स्वीडनला गेली होती. पुढे त्यांच्यातही तोच आजार निघाला. नोंद झाली स्वीडनची, पण स्वीडनच्या हवेचा त्यात काही दोष नव्हता.

१८५४च्या लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंचे ठिपके नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटले, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. ते जमलं, कारण पटकी चारदोन दिवसांत माणसाला नेते. त्याला घर बदलायलाही सवड देत नाही. (तरीही दूर हॅम्पस्टेडमध्ये मेलेल्या एका बाईने स्नोंना कोड्यात टाकलं होतं. चौकशीत कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटच्याच पाण्याची चव आवडायची आणि तिच्यासाठी गाडीतून बाटली भरून यायची.) कॅन्सरमध्ये मात्र कारण आणि गाठ यांच्यात वीस, तीस, चाळीस वर्षं जातात. तेवढ्या काळात माणूस नोकरी बदलतो, घर बदलतो, एखादा देशही बदलतो. म्हणून निदानाच्या दिवशीच्या पत्त्यावरून काढलेला नकाशा पुष्कळदा एवढंच सांगतो, की लोक शेवटी कुठे जाऊन पोचले.

हे किती खोल जातं ते चिलीच्या उत्तरेला आंतोफागास्ता शहरात दिसलं. अटाकामाच्या वाळवंटात विहीर किंवा ओढा असा दुसरा आसरा नाही; नळाला येईल तेच पाणी. १९५८ साली शहराने डोंगरातल्या नद्यांचं पाणी आणलं. त्यात लिटरमागे साधारण ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं. आज पिण्याच्या पाण्यात १० पर्यंतच चालतं. १९७० साली शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला आणि प्रमाण एकदम खाली आलं. विषाची सुरुवात कधी, उतार कधी, हे दोन्ही साल-तारखेनिशी ठाऊक असलेलं शहर संशोधकाला क्वचितच मिळतं. असं लिहिताना संकोच वाटतो, कारण अख्खं गाव ते पाणी पीत होतं.

मूत्राशयाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू चिलीच्या दुसऱ्या भागाच्या तुलनेत वाढू लागले ते हे पाणी सुरू झाल्यावर दहाएक वर्षांनी, आणि तफावत शिगेला पोचली १९८६ ते १९९७ या काळात. म्हणजे पाणी सुधारून पिढी उलटत आली होती. त्या वेळी नळाखाली बाटली धरून कुणाला एवढ्या मृत्यूंचा उलगडा झाला नसता. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे ॲलन स्मिथ, क्रेग स्टाइनमाउस आणि त्यांच्या चिलीतल्या सहकाऱ्यांनी सरळ माणसांनाच विचारलं. रुग्णांनाही आणि निरोगी लोकांनाही: जन्मल्यापासून कोणत्या गावात, कधीपासून कधीपर्यंत राहिलात? गावोगावच्या पाण्याच्या जुन्या नोंदी होत्या. त्या या उत्तरांशी जुळवल्यावर दिसलं की ज्यांना आईच्या पोटात किंवा बालपणी ते पाणी मिळालं, त्यांचा धोका दशकं उलटली तरी मोठाच राहिला, मग ते नंतर दुसरीकडे राहायला गेलेले का असेनात.

आठवणींवर भिस्त ठेवण्यात धोका आहेच. आजारी माणूस भूतकाळ जास्त खरवडतो, निरोगी माणूस आठवेल तेवढं सांगून मोकळा होतो. डेन्मार्कमध्ये हा प्रश्न येत नाही. १९६८पासून तिथल्या प्रत्येक रहिवाशाला क्रमांक आहे आणि त्याचा प्रत्येक नवा पत्ता सरकारी नोंदवहीत चढतो. संशोधनासाठी हे घबाडच. पण कोण कधी कुठे झोपत होता, हे सगळं माहीत असलेलं सरकार मला तरी थोडं धास्तीचं वाटतं. आणि पत्ता म्हणजे कारण नव्हे. आंतोफागास्तात एकच नळ होता म्हणून गावाच्या नावावरून काम भागलं. एका चाळीत एक तंबाखू मळतो, शेजारचा मळत नाही; तिथे खोली नंबर काय सांगणार?

लोकसंख्येवर आधारलेली आपल्या देशातली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली बार्शीत. आज आपल्याला जे काही कळतं त्यात या दोहोंचा वाटा मोठा आहे. पण नोंदणीच्या भागात किमान वर्षभर राहिला की माणूस तिथला रहिवासी धरला जातो. मोजणीपुरता हा नियम रास्त आहे, कारणं शोधायला मात्र तोकडा. विशीत साताऱ्याहून परळला आलेला गिरणी कामगार आणि म्हातारपणी गावी परतलेला त्याचा सोबती यांचं आयुष्य सारखंच गेलं, तरी दोघं दोन नकाशांवर जातात.

बाईचं तर त्याहून अवघड. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या स्त्रियांमध्ये, स्फोटाच्या वेळी ज्या वीस वर्षांखालच्या होत्या, त्यांच्यात किरणांमुळे पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका सर्वाधिक दिसला. म्हणजे बाईच्या शरीराला जी वर्षं सर्वांत नाजूक, ती आपल्याकडे माहेरी जातात, आणि केसपेपरवर पत्ता असतो सासरचा. माहेरची विहीर, तिथली चूल, गावाशेजारची खाण किंवा कारखाना यांची नोंद कुठेच होत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गावाचं नाव असतं, पण आज सत्तरीत असलेल्या कितीजणी शाळेत गेल्या? शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा कागद जपून ठेवणारं घरही विरळाच.

ओपीडीच्या रांगेत डॉक्टरांना मान वर करायला फुरसत नसते, हे खरं. तरी जन्म कुठला, लग्नाआधी कुठे राहत होता, पाणी कुठलं भरत होता, एवढं नोंदवायला दोन मिनिटं पुरतात. बाईला नीट आठवत नसेल तर सोबत आलेल्या भावाला विचारावं. तो त्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढलेला असतो, आणि निरोगी असेल तर तुलनेसाठीही त्याची माहिती लागणारच आहे.