पर्जन्य आणि प्रारब्ध

देव जर सर्वांठायी सम आहे, तर एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुःख का? नारदाच्या गादीसमोर बसलेला श्रोता हा प्रश्न आजही विचारतो, आणि त्याचे विचारणे गैर नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादातच तो उपस्थित केलेला आहे. देव पक्षपाती ठरतो, निर्दय ठरतो, असा तो पूर्वपक्ष. त्याला उत्तर देताना श्रीमद् शंकराचार्यांनी भाष्यात जो दृष्टांत घेतला, तो पावसाचा. भातावर पडतो तोच पाऊस जवावर पडतो; पण भाताच्या बीजातून भात येतो आणि जवाच्या बीजातून जव. भेद बीजाचा आहे, पावसाकडे त्याचा दोष जात नाही. तसा ईश्वर हे साधारण कारण, आणि ज्याचे त्याचे कर्म हे विशेष कारण.

सिद्धांत निर्बाध आहे. पण चारचौघांत आपण त्याचा जो उपयोग करतो, तो एकदा तपासला पाहिजे. त्यासाठी वाचकांना पावसाच्याच एका निराळ्या मुलखात नेतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला ॲरिझोना म्हणून प्रांत आहे. दक्षिणेकडे सारे वाळवंट, आणि त्या वाळवंटातच उंच उंच डोंगर. तिथेही आपल्यासारखा मोसमी पाऊस असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टूसॉन शहरात जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. वर्षाचा पाऊस अवघा ११ इंचांच्या आसपास, आणि त्यातला निम्मा या मोसमातला. जमीन तापली की हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिच्या जागी समुद्रावरचा ओलसर वारा येतो. डोंगराचे उतार तापले की तोच वारा उतारावरून वर चढतो. सकाळी निरभ्र असलेल्या शिखरावर दुपारी ढगांचे मनोरे उभे राहतात आणि गडगडाट सुरू होतो. तिथले मूळचे तोहोनो ओओधम लोक सग्वारो नावाच्या उंच निवडुंगाची फळे त्या कडक उन्हातच लांब काठ्यांनी काढतात, त्यांचा रस आंबवून प्राशन करतात आणि पावसाला आवाहन करतात. इकडे आपण पालख्यांबरोबर चालत असतो, साधारण त्याच दिवसांत.

म्हणजे पाहा, ज्या तापाने जीव कासावीस होतो, तोच ताप पावसाला बोलावून आणतो. कीर्तनात हा दृष्टांत चांगला रंगेल. ताप वाढल्यावाचून कृपेचा वर्षाव नाही, असे म्हटले की श्रोता मान डोलावतो. पण तिथला पाऊस इतका सरळ नाही. कधी ढगातून सुटलेल्या धारा डोळ्यांना दिसतात, पण खालची हवा इतकी कोरडी की त्या अधांतरीच विरून जातात. कधी पाऊस डोंगरावर पडतो, आणि लोंढा येतो तो लांबवरच्या कोरड्या ओढ्यात, जिथे डोक्यावर ऊन असते. कधी नुसतीच वीज पडते. पाऊस येतच नाही.

२८ जून २०१३ रोजी यार्नेल गावाजवळच्या डोंगरात अशीच वीज पडून वणवा लागला. ३० जूनला प्रेस्कॉट शहराच्या तुकडीतले लोक तो आवरायला राबत होते. दुपारनंतर गडगडाटी ढगांतून सुटलेल्या वाऱ्याने वणव्याची दिशा फिरवली, आणि १९ जण त्यात सापडून गेले. दुसऱ्यांची घरेदारे आगीपासून राखणे हाच ज्यांचा धंदा, ती ही माणसे!

आता कोणी म्हणेल, "बुवा, त्यांचे प्रारब्ध!" इथे मात्र थांबायला हवे. आचार्यांनी कर्माचा सिद्धांत मांडला तो देवावरचा आरोप दूर करायला. तो आरोप उचलून मेलेल्याच्या माथी मारावा, असे त्यांनी कुठेही सांगितले नाही. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, धूर पाहून अग्नीचे अनुमान होते, कारण त्या दोहोंचे साहचर्य आपण स्वयंपाकघरात रोज पाहिलेले असते. दुःख पाहून अमुकच पापाचे अनुमान कसे करणार? ते साहचर्य कोणी पाहिले आहे? कोणाचे कोणत्या जन्मीचे कर्म आज फळाला आले, हे दिसायला सर्वज्ञ व्हावे लागते. आपल्याला तर उद्याचा पाऊस दिसत नाही.

मग प्रारब्ध हा शब्द टाकून द्यावा काय? मुळीच नाही. आपल्यावर ओढवलेल्या दुःखाला प्रारब्ध म्हटले की धीर येतो, देवावरचा रुसवा जातो आणि नामस्मरण सुटत नाही. तोच शब्द दुसऱ्याच्या दुःखावर ठेवला की आपला हात आखडतो. औषध चांगलेच आहे, पण ज्याचे दुखणे त्यानेच ते घ्यायचे असते. आणि प्रारब्ध मानले म्हणून प्रयत्न सुटत नाही. यार्नेलच्या त्या प्रसंगाची पुढे सरकारी चौकशी झाली, काय घडले आणि कसे घडले हे पाहिले गेले. गेलेले परत आले नाहीत, पण पुढे जाणाऱ्यांना शहाणपण मिळावे म्हणून ते करावेच लागते. असे करण्यात नास्तिकपणा कसला?

वारकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. दिवे घाट चढताना उन्हाने कोणी भोवळ येऊन पडला, तर दिंडीतला माणूस त्याचे पूर्वकर्म विचारत बसत नाही. एकजण उपरण्याची सावली धरतो, दुसरा तांब्या पुढे करतो, तिसरा टाळ कमरेला खोचून त्याला उचलतो. त्या तिघांनी भाष्य वाचलेले नसेल, पण भाष्याचा अर्थ त्यांच्या हातून चुकलेला नाही. त्या वेळी देव सर्वांना सम आहे की नाही, याचे उत्तर त्या पडलेल्या माणसाला त्यांच्याच हातून मिळते. ते त्याला मिळावे, एवढे आपल्याकडून घडो.

रामकृष्णहरि.