अचानक आलेली दिवाळी

अहमदपूर तालुक्यातल्या एका गावच्या दोन बहिणी. थोरली नांदेडला दिली, धाकटी लातूरला. माहेर दोघींच्या वाटेवर मधोमध पडायचं, म्हणून सणावाराला एकीची एसटी लोह्याकडून यायची आणि दुसरीची चाकूरकडून. दोघी भेटल्या की बोलणं फिरून फिरून घरावर यायचं. दोघीही भाड्याच्या घरात राहत होत्या आणि दोघींनाही स्वतःचं घर हवं होतं.

थोरलीचं बरं चाललं होतं. नवरा सरकारी खात्यात कायम, २०१२ साली तीस-बत्तीस हजार हातात येत. तरोडा नाक्याच्या अलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. धाकटीचा नवरा लातूरच्या एका डाळमिलमध्ये मुनीम होता, पगार चौदा हजार. धाकटी स्वतः ट्यूशन एरियातल्या पोरांना डबे द्यायची. लातूर पॅटर्नच्या नावाने चार जिल्ह्यांची पोरं या गावात येऊन खोल्या घेतात आणि त्यांच्या पोटावर गावातली कितीतरी घरं चालतात. धाकटीला डब्यांतून दहा हजार सुटायचे, शिवाय घरातल्या चौघांचं जेवण त्याच चुलीवर निघायचं. म्हणजे धाकटीचं उत्पन्न थोरलीपेक्षा सहा-आठ हजारांनी कमी, तेही वर्षभर सारखं नाही.

थोरली उधळी होती असं मात्र कुणी समजू नये. घरासाठी पैसे साठवायचे म्हटलं की सल्ला देणारे चहा सोडा, हॉटेल सोडा, मोबाईल स्वस्तातला घ्या इथूनच सुरुवात करतात. चहा सोडून कुणाचं घर झालेलं मी पाहिलेलं नाही. थोरली भाजी मोंढ्यातून आणायची, पोरांची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची, साड्या वर्षाला दोन. महिनाअखेर चार-पाच हजार खात्यात उरायचेही. पासबुक भरवून आणलं की ती शेवटचा आकडा बोटाने दाबून बघायची. साठ हजार, बासष्ट हजार. मग जून यायचा आणि पोरांच्या फीला अठरा हजार जायचे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या, पाठोपाठ दिवाळी. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला सासरची मंडळी निघायची आणि वाटेत मुक्काम हिच्याकडे. वैशाखात लग्नं. दर वेळी थोरली एकच वाक्य म्हणायची, “साठत आले होते गं, पण अचानक खर्च निघाला.”

एकदा भिशी लागली, चाळीस हजारांची. ती घरासाठी बाजूला ठेवायची ठरली. ‘बाजूला’ म्हणजे त्याच खात्यात. दिवाळीपर्यंत त्यातून फ्रीज आला, नवऱ्याच्या गाडीची दुरुस्ती झाली आणि उरलेले कुठे गेले ते दोघांनाही सांगता येईना.

धाकटीचंही २०१२ पर्यंत असंच होतं. त्या डिसेंबरात भिंतीवरचं जुनं कालनिर्णय उतरवून नवं लावायचं होतं. दुधाचा हिशेब, गॅस लागल्याची तारीख, कुणाला किती उसने दिले, सगळं ती तारखांच्या चौकोनांतच लिहायची. रद्दीत टाकण्याआधी दुधवाल्याची बाकी बघावी म्हणून तिने पानं उलटली आणि उलटतच राहिली. मग पोराची वही घेऊन ती खाली बसली.

रोजचा किराणा, दूध, भाडं, लाईटबिल तिने सोडून दिलं. ते महिन्याच्या महिन्याला जातंच. तिने लिहिले ते वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च. जूनची फी आणि पुस्तकं नऊ हजार. महालक्ष्म्यांचे चार, दिवाळीचे आठ. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, गावाकडे रानात जेवायला जायचं, अंबिल-भज्जीचं सामान आणि जाणं-येणं धरून दीड हजार. मोटारसायकलचा विमा हजार. लग्नाचे आहेर सात हजार. इथे ती जरा थांबली, कारण हा आकडा तिला खरा वाटेना, पण चौकोनात तिचंच अक्षर होतं. दवाखाना सहा हजार. उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर अडीच हजार. माहेरच्या इतर खेपा तीन हजार. शेवटी मे महिन्याच्या पानावर ती अडली. त्या पानावर डब्यांची नोंदच नव्हती. परीक्षा संपल्या की पोरं गावी जातात आणि नवी बॅच जून निम्मा झाल्यावर येते. मधला दीड महिना चूल घरापुरतीच पेटते. तेव्हाचा तुटवडा सहा हजार.

बेरीज झाली अठ्ठेचाळीस हजार.

तिने २०११ चं कालनिर्णयही काढलं. ते माळ्यावर गव्हाच्या कोठीखाली अंथरलेलं होतं. आकडे थोडे कमी, खर्च तेच, महिनेही तेच. दिवाळी अचानक आली नव्हती. ती छापलेली होती, तांबड्या शाईत, आदल्या वर्षीच.

या गोष्टीचा बोध एवढाच आहे, तो इथेच सांगून टाकतो. घराचे पैसे रोजचा खर्च खात नाही. ते खातो वर्षाचा खर्च, कारण त्याला आपण महिन्याच्या हिशेबात जागाच ठेवत नाही. जागा नसली की तो साठवणीच्या अंगावर येऊन बसतो, आणि आपण त्याला अडचण म्हणतो.

अठ्ठेचाळीसला बारांनी भागलं की चार हजार येतात. धाकटीने पत्र्याचा एक डबा रिकामा केला आणि पगार झाला की त्यात चार हजार टाकायला लागली. हा वर्षाचा डबा. जानेवारी २०१३ मध्ये तिने पोस्टात महिना चार हजारांचं आरडी उघडलं, पाच वर्षांचं. तेव्हा व्याज ८.४ टक्के होतं. ते घराचं. चोवीस हजारांतून हे आठ आणि भाड्याचे साडेतीन गेले की साडेबारा हजार उरत. महिना त्यात भागवायचा. भागला नाही तर शेवटच्या आठवड्यात पिठलं-भाकरी, पण त्या दोन रकमांकडे बघायचं नाही. नवरा सुरुवातीचे काही महिने कुरकुरला. जूनमध्ये पोरांची फी उसनवारी न करता भरली गेली आणि त्याची कुरकुर आपोआप थांबली.

इथे एक सांगायला हवं. ज्याच्या घरातला महिना वीस तारखेलाच संपतो, त्याला ही गोष्ट ऐकवू नये. त्याला मिळकत वाढवायला हवी, हिशेबाची वही देऊन काही होत नाही. ही गोष्ट थोरलीसारख्यांची, ज्यांचं भागतं पण साठत नाही.

मग आलं २०१६. लातूरकरांना त्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. डब्याच्या धंद्याला पाणी किती लागतं हे भांडी घासणाऱ्यालाच कळतं. धाकटी डाळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, भाजीच्या पाण्यात भांडी आणि उरलेलं दारातल्या कढीपत्त्याला. तरी टँकरला वर्षाचे अडीच हजार दोन महिन्यांतच संपले. काही पोरं परीक्षा होण्याआधीच गावी गेली, डबे घटले. वर्षाचा डबा मे महिन्यात तळाला लागला आणि आरडीचे दोन हप्ते चुकले. पोस्टात शंभराला महिना एक रुपया दंड असतो. तिने पुढे दंडासह ते हप्ते भरले. सलग चार चुकले असते तर खातं बंद पडायची वेळ आली असती. त्याच नोव्हेंबरात पाचशेच्या नोटा बंद झाल्या. डब्यातल्या नोटा घेऊन ती रांगेत उभी राहिली आणि तेव्हापासून वर्षाचा डबा बँकेच्या खात्यात गेला, आरडीपासून वेगळाच.

पण दुष्काळापेक्षा अवघड वेळ पुढच्या वर्षी आली. मे २०१७ मध्ये भावाच्या मुलीचं लग्न निघालं. दादा लातूरला आला, चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, “बाई, लाखभर रुपये कमी पडायलेत. तुझे पोस्टात पडूनच हायेत की. अर्ध्यापर्यंत कर्ज मिळतंय म्हणं त्यावर.”

खरं होतं. वर्षभर हप्ते भरले की आरडीवर निम्म्यापर्यंत उचल मिळते. आणि मागणारा सख्खा भाऊ होता.

“पडून न्हाईत दादा,” धाकटी म्हणाली. “घराचे हायेत.”

“घर कुठं पळून चाललंय का? लग्न तर तिथीवरच लागतंय ना?”

धाकटी आत गेली आणि खात्यातून काढून ठेवलेले वीस हजार घेऊन आली. भाचीचं लग्न कधीतरी येणार हे तिला दोन वर्षांपासून माहीत होतं आणि आहेराच्या रकमेत तेवढं ती वाढवत आली होती. “हे आहेराचे. परत द्यायचे न्हाईत. त्याच्या वर माझ्याकडं न्हाईत असं समज.” दादाने पैसे घेतले, पण लग्नात तिच्याशी धड बोलला नाही. मांडवात एका मावशीने तर ऐकवलंच, पैसा आला की माणूस बदलतं. धाकटी रात्रभर रडली. तिला कठोर म्हणणारे पुष्कळ निघतील. मला विचाराल तर तिने भावाला वीस हजार दिले आणि पोरांना घर दिलं. लाख देऊन बसली असती तर भावाचं लग्नकार्य महिनाभरात उरकलं असतं आणि हिचं भाडं जन्मभर चालू राहिलं असतं.

जानेवारी २०१८ मध्ये आरडी भरलं. तीन लाखांना थोडे कमी. लातूरच्या बाहेरच्या बाजूला बारा लाखांचा वन बीएचके बघून ठेवला होता. बँक ऐंशी टक्के द्यायला तयार झाली, म्हणजे पदरचे दोन लाख चाळीस हजार. मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी बहात्तर हजार, नोंदणीचे बारा. हे वरचे चौऱ्याऐंशी हजार लोकांच्या ध्यानात राहत नाहीत आणि ऐन वेळी ते कर्जात बसतही नाहीत. एकूण तीन लाख चोवीस हजार. कमी पडलेले पंचवीस-तीस हजार नवऱ्याच्या दोन दिवाळ्यांच्या बोनसमधून आले, तो तिने वर्षाच्या खात्यात टाकून ठेवला होता. बिल्डरच्या माणसाने आधी दोन लाख इसार मागितला. मुनीम नवरा तिथे कामाला आला. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे रेराचं कलम त्याने शांतपणे सांगितलं आणि एक लाखाची पावती घेतली. घर धाकटीच्या नावावर झालं. पंतप्रधान आवास योजनेत त्यांच्या उत्पन्नगटाला व्याजाचं अनुदान मिळवायला तेव्हा घरातल्या बाईचं नाव लागायचंच. ते अनुदान मात्र कर्ज उचलल्यावर कर्जखात्यात जमा व्हायचं. आधीचा इसार आणि सरकारी खर्च ज्याचा त्यालाच करावा लागायचा.

हप्ता बसला आठ हजार तीनशेच्या आसपास. बँकेतल्या साहेबाने विचारलं, “झेपेल का?” धाकटीला हसू आलं. भाड्याचे साडेतीन आणि आरडीचे चार, साडेसात हजार पाच वर्षं घरातून जातच होते. वर आठशेचीच भर.

वास्तुशांतीला थोरली नांदेडहून आली. घर फिरून बघितलं, ओट्यावर हात फिरवला, नळ सोडून बघितला. तोपर्यंत थोरलीच्या पासबुकात सत्तर हजार होते आणि तिचं भाडं सात हजारांवर गेलं होतं. जेवणं झाल्यावर दोघी मागच्या गॅलरीत बसल्या.

“तुझं बरं आहे बाई,” थोरली म्हणाली. “तुला आमच्यासारख्या अडचणी आल्या न्हाईत.”

धाकटी काही बोलली नाही. आतून पाच कालनिर्णयं आणून तिने अक्काच्या मांडीवर ठेवली. थोरलीने २०१६ चं उघडलं. एप्रिलच्या पानावर जागोजाग ‘टँकर’. मेच्या पानावर ‘हप्ता राहिला’. २०१७ च्या मेमध्ये ‘दादा २००००’, आणि त्याखाली काही तरी लिहून गिरगटून टाकलेलं. थोरली बराच वेळ पानं उलटत होती. मग म्हणाली, “माझ्याकडं तर एवढे सणही लिहिलेले न्हाईत.”

“आहेत की. छापलेलेच हायेत.”

नांदेडला परतल्यावर थोरलीने नवऱ्याला समोर बसवून वर्षाची बेरीज केली. ती निघाली शहाण्णव हजार. नवरा म्हणाला, “आगं, एवढे कसे असतील? काहीतरी दोनदा धरलंस.” पुन्हा केली, एक लाख दोन हजार झाली. माळेगावच्या यात्रेचे पाहुणे धरायचे राहिले होते. त्या महिन्यात त्याने ऑफिसातली भिशी सोडली आणि थोरलीने पोस्टात सहा हजारांचं आरडी उघडलं. साडेआठ हजार वर्षाच्या खात्यात जायला लागले. त्या खात्यासाठी तिने नवी वही केली. पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिली, ‘धाकटीची वास्तुशांती, आहेर, पाच हजार एक’, आणि नवऱ्याने विचारलं, हा खर्च अचानक म्हणायचा की ठरलेला.