एकाच कामाचा माणूस

ज्याच्याकडून आपण आयुष्यभर एकच काम करून घेतो, त्याचे आपण काय लागतो? प्रश्न जुना आहे. पिंजारी, शिकलगार, मणियार अशी आपल्याकडील बिरादऱ्यांची नावेच मुळी एकेका कामावरून पडली. परंतु आज या प्रश्नाकडे एका परक्या खेळाच्या वाटेने जायचे आहे, कारण त्या खेळात तो फार स्पष्ट दिसतो.

लॅक्रॉस हा मुळात उत्तर अमेरिकेतील आदिवासींचा खेळ. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा. अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलांचे दहा-दहा जणांचे संघ तो खेळतात. सत्राच्या आरंभी आणि गोल झाल्यावर चेंडू मैदानाच्या मध्यावर ठेवतात. दोन्ही संघांचा एकेक खेळाडू त्यावर वाकतो, शिटी वाजते आणि झटापट सुरू होते. चेंडू ज्याच्या हाती लागला त्याच्या संघाची चढाई. याला ‘फेसऑफ’ म्हणतात. एवढ्या एका झटापटीसाठी संघ खास माणूस बाळगतात. तो येतो, चेंडू मिळवून सोबत्याला देतो आणि धावत मैदानाबाहेर जातो. त्याला ‘फोगो’ असे टोपणनावही आहे. अर्थ असा की, झुंज आणि बाहेर हो.

चेंडूच मिळाला नाही तर उत्तम नेमबाज तरी काय करणार? 2015 साली डेन्व्हर विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, तेव्हा पहिल्या वर्षात शिकणारा ट्रेव्हर बाप्टिस्ट त्यांच्यासाठी हेच काम करत होता. तरीही टाळ्या बहुधा गोल करणाऱ्याच्या वाट्याला जातात. फेसऑफ हरला की मात्र तो कोण हरला हे सगळ्या मैदानाला दिसते.

हे समजायला आपली कबड्डी पुरे. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची होते. गुण आणला नाही तर चढाई करणारा बाद. आधीचे दोघे सांभाळून खेळून परत आले, त्यांनी टाळलेला धोका या तिसऱ्याच्या अंगावर येतो. एकाने जोखीम घ्यायची आणि बाकीच्यांनी निर्धास्त राहायचे, ही रीत खेळापुरतीच आहे काय?

भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आठवा. कोणी पत्रा कापतो, कोणी प्रेसवर बसतो, कोणी पॉलिश करतो. पॉलिशवाल्याचे तोंड काळे होते आणि ताट चकाकते. अॅडम स्मिथने 1776 साली टाचणीच्या कारखान्याचा दाखला देऊन दाखवले की, काम वाटून घेतले तर दहा माणसे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करू शकतात. हा दाखला सगळे देतात. पण त्याच ग्रंथात पुढे त्याने बजावले आहे की, जन्मभर दोन-चार क्रियाच करत राहिलेल्या माणसाच्या बुद्धीला गंज चढतो. हे मात्र कमी लोक सांगतात.

एकच हुन्नर अंगी असण्यात कमीपणा नाही. संकट वेगळेच आहे. हुन्नर त्याचा असतो, पण त्याची गरज ठरवणारे नियम दुसऱ्यांच्या हाती असतात. 2021 च्या हंगामापासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात गुडघा टेकून फेसऑफ घेण्यास आणि मोटारसायकलच्या हँडलसारखी काठी धरण्यास बंदी आली. वर्षानुवर्षे घटवलेली पकड एका ठरावाने बाद झाली.

दुसरा ठराव तर आपल्या अंगणात झाला. मीरा रोडहून लोकलने वांद्र्याला उतरून वांद्रे-कुर्ला संकुलात जावे. तेथे ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले होते. 2028 च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेण्याचा निर्णय तेथेच झाला, म्हणून आपल्याला तेवढेच आठवते. त्याच बैठकीत लॅक्रॉसही घेतले गेले, पण सहा-सहा जणांचे. या प्रकारात गोलानंतर गोलरक्षकच चेंडू खेळात आणतो. फेसऑफ उरतो तो सत्राच्या आरंभापुरता. महाविद्यालयात फोगोची गरज आजही आहे, पण सर्वांत मोठ्या मैदानाचे दार त्याच्यासाठी अरुंद झाले.

नियम बदलूच नयेत असे कोणी म्हणणार नाही. खेळ वेगवान व्हावा, यंत्रे यावीत. यंत्राने कापूस पिंजला जाऊ लागला, फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याची धनुकली खुंटीला लागली. तेव्हा लोक म्हणाले, यांनी काळाबरोबर बदलायला हवे होते. म्हणणारे कोण? पिंजाऱ्याने भरलेल्या गादीवर ज्यांच्या पिढ्या सुखाने झोपल्या तेच. त्याने दुसरे काही शिकू नये, हीच तर त्यांची सोय होती. मग बदलाचा सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर का?

येथे फोगो आणि पॉलिशवाला यांच्यातला फरक ध्यानात घ्यावा. फोगो हा विद्यार्थी आहे. फेसऑफ बंद झाला तरी त्याचे शिक्षण त्याच्याजवळ राहते. म्हणून त्याचे एकच काम त्याला शोभून दिसते. पॉलिशवाल्याच्या हाती दुसरे काय आहे? ताट स्वस्त मिळाले म्हणून आपण खूश होतो, त्या स्वस्ताईत त्याच्या न झालेल्या शिक्षणाचीही बचत आहे.

एकाच कामाच्या माणसाला शाबासकी देणे सोपे आहे. त्याचा हक्क त्याहून मोठा आहे. त्याच्या कामाचे नियम बदलताना त्याला विचारले पाहिजे, बदलाला वेळ दिला पाहिजे, आणि काम चालू असतानाच त्याला, निदान त्याच्या मुलांना, दुसरे काही शिकता आले पाहिजे. काम संपल्यावर केलेली मदत ही खैरात ठरते. काम चालू असताना केलेली तजवीज हे आपल्यावरचे देणे आहे, आणि ते देणे ज्यांनी त्या कामाचे फळ खाल्ले त्या सर्वांवर आहे.