चुलत बहिणीचे सामर्थ्य

एखादी व्यक्तिरेखा दुसऱ्या व्यक्तिरेखेच्या गरजेतून जन्माला आली, तर तिच्या सामर्थ्यावर अधिकार कोणाचा? अमेरिकन चित्रकथांतील 'सुपरगर्ल'ची जन्मकथा हा प्रश्न अनवधानाने उपस्थित करते.

१९५८ मध्ये लेखक ऑटो बाइंडर याने तिचा पहिला कच्चा खर्डा केला. जिमी ऑल्सेन हा तरुण वार्ताहर जादूच्या वस्तूकडे सुपरमॅनसाठी सोबतीण मागतो. ती प्रकटते, सुपरमॅनला वाचवताना क्रिप्टोनाइटच्या प्रभावाने मरणपंथाला लागते आणि जिमीच्याच इच्छेने नाहीशी होते. मे १९५९ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'मध्ये बाइंडर आणि चित्रकार अल प्लॅस्टिनो यांनी घडवलेली कारा मात्र कोणाच्या इच्छेतून आलेली नाही. क्रिप्टॉनच्या स्फोटातून बचावलेल्या आर्गो नगरातली ती मुलगी. तिथली जमीन विषारी होते, तीवर अंथरलेले शिशाचे पत्रे उल्कांनी भेदले जातात, तेव्हा आईवडील तिला यानात बसवतात. सुपरमॅन तान्हेपणीच निघाला होता. हिने आपले नगर मरताना पाहिले आहे. तिच्या स्वत्वाचा पाया अंगच्या बळापेक्षा या दुःखात अधिक आहे.

आणि पृथ्वीवर काय होते? ती सुपरमॅनची चुलत बहीण निघते. पण गुपित उघडे पडेल म्हणून तो तिला घरात घेत नाही. तपकिरी वेण्यांचा टोप आणि 'लिंडा ली' हे नाव देऊन तिला अनाथाश्रमात ठेवले जाते. ज्या परक्या बाळाला केंट दांपत्याने निःशंकपणे उचलून घेतले, तेच बाळ मोठे होऊन हा निर्णय घेते! अपरिपक्व सामर्थ्याला संयमाचे शिक्षण हवे, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण शिक्षण पुरे झाले हे ठरवणार कोण? फेब्रुवारी १९६२ च्या अंकात तो तिला जगापुढे आणेपर्यंत तिची सत्कृत्ये बेवारस राहिली. याला निष्काम कर्म म्हणण्याचा मोह होतो. परंतु फलत्याग स्वेच्छेने करावा लागतो, हा तर नेमून दिलेला होता.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने नाते उलटे केले. तिथे कारा वयाने मोठी असून तान्ह्या भावाला सांभाळण्यासाठीच निघते. यान वाटेत अडकते आणि ती पोचेपर्यंत तो प्रौढ झालेला असतो. तरीही तिने कोणाच्या घरी वाढायचे, हे त्या मालिकेतही तोच ठरवतो.