दिवा कोणावर पडावा?

रात्री सायकलीवरून फिरणाऱ्याने उजळत्या पडद्याचे मीटर घ्यावे की साधे, हा प्रश्न घेऊन वाङ्मयीन मासिकाची पाने अडवावी, हे कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. हा प्रश्न दुकानदारास विचारावयाचा, निबंधकारास नव्हे, असे ते म्हणतील. आणि एका रात्रीपर्यंत आमचेही मत तेच होते. परंतु नीतीचे प्रश्न नेहमीच तशी पाटी लावून दाराशी येत नाहीत. पुष्कळदा ते खरेदीच्या किंवा प्रवासाच्या रूपाने येतात, आणि किंमत पाहून आपण त्यांचा निकाल लावून मोकळे होतो. अशाच एका प्रश्नाचा निकाल आम्ही प्रथम चुकीचा लावला. तो कसा, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून देणे अवश्य आहे. दुकानदार ज्यास सायकल कॉम्प्युटर म्हणतात व आम्ही जुन्या सवयीने मीटर म्हणतो, ते आगपेटीएवढे यंत्र हँडलावर बसते. पुढल्या चाकाच्या एका तारेस लहानसे लोहचुंबक लावतात आणि चिमट्यास ते ओळखणारा खटका बसवितात. चुंबक समोरून गेले की एक फेरा मोजला जातो. चाकाचा परीघ एकदा सांगून ठेवला म्हणजे पुढले सर्व गुणाकार-भागाकार यंत्रच करिते. आमच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर आहे. म्हणजे एका किलोमीटरास सुमारे ४७६ फेरे झाले. अलीकडील महाग यंत्रे चाकाकडे न पाहता उपग्रहांच्या संदेशांवरून स्थान काढतात. साध्या यंत्राचा पडदा स्वतः प्रकाशत नाही. बाहेरील उजेडावरच त्याचे आकडे दिसतात. म्हणून वैशाखाच्या उन्हात ते स्वच्छ वाचता येतात आणि सूर्य मावळताच दिसेनासे होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी पडद्याच्या मागे दिवा घालतात. काही यंत्रांत तो बटण दाबल्यावर काही क्षण लागून विझतो; काहींत तो रात्रभर तेवत ठेवता येतो, मात्र त्याचा भार बॅटरीवर पडतो.

वऱ्हाडात रात्री सायकल चालविणे हा केवळ शौक नव्हे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला म्हणजे लांबचे अंतर कापू इच्छिणाऱ्यास रात्र किंवा पहाट यांवाचून गत्यंतर उरत नाही. एकदा रात्रीची गोडी लागली की हिवाळ्यातही ती सुटत नाही. आमची नेहमीची वाट अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी अकोल्यास जाते. ह्या महामार्गास आकड्यांचे भाग्य आमच्याही आधी लाभले आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालण्यात आला व त्याची गिनेस विक्रमांत नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ साली झालेला, २५.२७५ किलोमीटरांचा होता. ती बातमी वाचून आमची छाती फुगली होती, हे लपविण्यात अर्थ नाही. घड्याळ लावून घातलेल्या रस्त्यावर आपणही घड्याळ लावून जावे, असे मनात येणे स्वाभाविकच होते.

आमचे एक तरुण सहकारी अकोल्यास गणित शिकवितात. उजळत्या पडद्याची बाजू त्यांनी आमच्यापुढे मांडली, आणि ती लेचीपेची नव्हती. हे गृहस्थ ब्रेव्हे नावाच्या दीर्घ पल्ल्याच्या सफरींत भाग घेतात. ह्या सफरींची परंपरा फ्रान्समधील असून १८९१ साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही त्यांतील सर्वांत विख्यात होय. आज तिचे सुमारे १२०० किलोमीटर ९० तासांत पुरे करावयाचे असतात. ह्या सफरींत पहिला-दुसरा क्रमांक नसतो, केवळ मुदत असते. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. आमच्या मित्रांचे म्हणणे असे, की ज्यास वीस तासांत तीनशे किलोमीटर जावयाचे आहे, त्यास आपण कोठे आहो आणि किती वेळ उरला, हे मध्यरात्रीही कळले पाहिजे. वळणाच्या कागदावर अमुक किलोमीटरांवर डावीकडे असे लिहिलेले असते. अंधारात पाटी दिसत नाही, तेथे मीटर हीच पाटी. शिवाय आकडा समोर असला म्हणजे नवखा मनुष्य आरंभीच दम घालवीत नाही. ह्या युक्तिवादास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही रात्रभर तेवणाऱ्या पडद्याचे मीटर घेतले.

त्यानंतर डिसेंबरातील एका दिवशी आम्ही साडेचारास अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूर मागे पडले तेव्हा पूर्ण अंधार होता. पुढला दिवा चांगला होता, मागला तांबडा दिवा लागलेला होता, अंगात चकाकणारे जाकीट होते. पडद्यावर सरासरी १९.८ दिसत होती, आणि अकोला येण्यापूर्वी ती २०.० करावयाची, असा एक क्षुद्र संकल्प मनाने कधी केला हे आमचे आम्हांसच कळले नाही. सरासरी हा मोठा हट्टी आकडा आहे. कितीही पाय मारले तरी तो दशांशाने हलतो. तो हलला की नाही हे आम्ही पुनःपुन्हा पाहात होतो. आठाच्या सुमारास मान वर केली तो रस्त्याच्या कडेने चाललेली कापसाची बैलगाडी अगदी पुढ्यात. तिला दिवा नव्हता. आम्ही हँडल वळविले, चाक डांबराखाली उतरले, आणि आम्ही मुरुमात पडलो. कोपर सोलवटले, याहून अधिक काही झाले नाही.

गाडीवानाने गाडी थांबविली, आम्हांस उठविले आणि पाणी दिले. तो रागावला नाही. "काहून जी, लागलं का? इतल्या अंधारात त्या घड्यायात काय पाहून राह्यले होते?" एवढेच त्याने विचारले. आम्ही उत्तर देण्यापूर्वी गाडीच्या मागून एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "वाचलो बाप्पा." तिला पाहून आमच्या अंगावर काटा आला. दिवसभर कापूस वेचून ती गाडीमागून पायी चालत होती. आम्ही तिच्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून गेलो असलो पाहिजे; आणि आम्ही तिला पाहिलेच नव्हते. गाडी चुकविली ती निदान पाहून चुकविली. ही बाई मात्र वाचली ती केवळ दैवाने, आमच्या कोणत्याही गुणाने नव्हे.

घरी परतल्यावर मित्रमंडळींनी आमचे सांत्वन केले. गाडीला दिवा नव्हता, तेव्हा दोष गाडीवानाचा, असे बहुतेकांचे मत पडले. बिनदिव्याच्या गाडीने महामार्गावर येऊ नये हे खरे, आणि गाडीवानास सर्वथा निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दोषाचा एक वाटेकरी सापडला म्हणजे दुसऱ्याचा वाटा कमी होतो, हा हिशेब पैशाच्या व्यवहारात चालतो, नीतीत चालत नाही. त्या रात्री मागून येणाऱ्यास पाहणे गाडीवानास शक्य नव्हते, त्या बाईसही शक्य नव्हते. पाहणे शक्य होते ते एकट्या आम्हांस, कारण दिवा आमच्यापाशी होता. ज्याच्याजवळ दिवा आहे त्याच्यावर बिनदिव्याच्या माणसास पाहण्याचे अधिक ऋण असते. ते का, तर ते फेडणे त्यालाच शक्य असते म्हणून.

येथे डोळ्याच्या धर्माचाही विचार केला पाहिजे. ताशी २२ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदास सहा मीटरांहून अधिक जाते. दोन सेकंद खाली पाहिले की बारा मीटर रस्ता न पाहता ओलांडला गेला. शिवाय डोळा अंधारास पुरता सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि उजेडाकडे पाहिले की तो सराव पाहता पाहता उणावतो. मग पुढल्या दिव्याच्या झोताबाहेर जे अंधुक दिसत असते, ते सर्वांत आधी नाहीसे होते. आणि पायी चालणारी माणसे बहुधा झोताच्या कडेलाच असतात.

आमच्या विद्यार्थिदशेत, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, सायकलीला डायनामो असे. तो टायरवर घासून फिरे, पाय जड करी आणि थांबले की विझे. त्याचा दिवा मिणमिणता होता. त्या गैरसोयीचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु तो पडे तो रस्त्यावरच. ब्रेव्हेच्या नियमांतही रात्री पुढला व मागला दिवा आणि चकाकणारे जाकीट सक्तीचे आहे. मीटरच्या दिव्याची सक्ती कोठेही नाही. पहिला दिवा आपण इतरांस पाहावे म्हणून, दुसरा इतरांनी आपणांस पाहावे म्हणून. आपण स्वतःस पाहावे म्हणून तिसरा दिवा आम्ही हौसेने लावला, आणि त्याने पहिल्याचे काम बिघडविले.

मग मोजणेच वाईट काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या ह्या नगरीत, जोर-बैठका मोजल्यावाचून शरीर कमावता येते असे कोण म्हणेल? भेद मोजण्या-न मोजण्याचा नसून आकड्या-आकड्यांतील आहे. काही आकडे वाटेविषयी असतात: किती आलो, किती उरले, वळण केव्हा. ते अधूनमधून विचारावे लागतात, आणि उत्तर मिळाले की मन मोकळे होते. काही आकडे आपल्या स्वतःविषयी असतात: मी कसा चाललो आहे, कालच्यापेक्षा बरा की नाही. ह्यांचे समाधान कधीच होत नाही, म्हणून ते सतत समोर हवेसे वाटतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली असे दाखविले, की ज्या मापावर नियंत्रणासाठी भार टाकावा ते मापच विश्वासास अपात्र होऊ लागते. त्यांचा विषय चलनाचा होता. पण आम्हां शिक्षकांस दाखल्याकरिता इतके दूर जाण्याचे कारण नाही. २०१० साली प्राध्यापकांच्या कामास गुण देण्याची पद्धत आली, तेव्हा वर्गातील शेवटच्या बाकावरचा मुलगा आमच्या नजरेतून असाच निसटला होता. तोही बिनदिव्याचाच.

शेवटी निवड. आम्ही ते मीटर दिले आणि बटण दाबल्यावरच उजळणारे, मोठ्या आकड्यांचे, चाकाचे फेरे मोजणारे साधे मीटर घेतले. अंतर पाहावयाचे तर मोकळा सरळ रस्ता पाहून किंवा पाय टेकवून बटण दाबावे. सरासरी मुक्कामीच पाहावी, असा नियम केला. ह्यात तोटा आहे. दोनदा आमचे वळण चुकले, आणि मुदतीच्या सफरीस हा नियम पुरेल असा आमचा दावा नाही. आमचे गणितज्ञ मित्र अद्याप उजळता पडदाच वापरतात. मात्र त्यांनी तो अगदी मंद करून त्यावर केवळ अंतर आणि वेळ ठेवले आहेत. हा तोडगा आमच्यापेक्षा कमी शहाणपणाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. दोन मीटरांच्या किमतींत जे अंतर पडले त्यातून आम्ही चकाकणारी पट्टी घेतली. वाटेत बिनदिव्याची गाडी भेटली आणि गाडीवानाची हरकत नसली, की एक तुकडा तिच्या मागल्या फळीस लावतो. ह्यात परोपकार मोठासा नाही. ती आमच्याच दृष्टीची सोय आहे. त्या रात्रीची गाडी मात्र पुन्हा भेटली नाही.

गेल्या खेपेस अकोल्यास पोहोचल्यावर बटण दाबले. सरासरी १८.३ निघाली. मित्र हसले, आम्हीही हसलो. वाटेत किती माणसे पायी चाललेली दिसली, हे त्यांनी विचारले असते तर तेही सांगता आले असते.